व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं, आता गावी घरी आल्यावर काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या हार्टचा मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूची एक झडप) बदलला त्याला आता सहा वर्षं होतील. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, रुमॅटिक फिव्हर, तो व्हॉल्व्हवर बसला आणि पस्तिशी उलटल्यावर विहिरीवरून घरापर्यंत येताना दम लागायला लागला तेव्हा कळलं. ऑपरेशन मुंबईत झालं पण बरं होणं सगळं इथे देवगड तालुक्यात झालं, जांभ्याच्या पायऱ्या, पावसाळा, आंब्याचा सीझन सगळं सांभाळून. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या नीट लिहिलेल्या असतात, पण रहाट ओढायचा का, टाकळ्याची भाजी चालते का, लेप्टोची (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) गोळी घ्यायची का, हे त्यात नसतं. आजूबाजूच्या वाड्यांतून मला हेच प्रश्न येतात म्हणून एकत्र लिहितेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांनी तुमचं हार्ट डोळ्यांनी बघितलंय.

पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतात?

हॉस्पिटलातून साधारण आठ-दहा दिवसांत सोडतात म्हणून घरच्यांना वाटतं झालं सगळं. तसं नसतं. छातीचं मधलं हाड कापून आत जातात आणि मग तारेने बांधतात, ते हाड सांधायला सहा ते आठ आठवडे आणि पक्कं व्हायला तीन महिने लागतात. अंगातली ताकद, पूर्वीचा उत्साह यायला कुणाला तीन महिने कुणाला सहा. मला पाच लागले. मध्ये असे दिवस येतात की काल अंगणात दहा फेऱ्या मारल्या आणि आज न्हाणीपर्यंत जायला नको वाटतं, त्याने घाबरू नका, चार दिवस पुढे आणि एक दिवस मागे असंच ते चालतं.

मांडीतून नळी घालून व्हॉल्व्ह बसवला असेल, म्हणजे टावी, किंवा नुसता बलूनने उघडला असेल तर हाड कापलेलंच नसतं, त्यामुळे ते पेशंट खूप लवकर हिंडाफिरायला लागतात. त्यांना हाडाचे नियम लागू नाहीत, गोळ्यांचे आणि तापाचे लागू आहेत.

काय काय उचलायचं नाही? किती दिवस?

पहिले दोन-तीन महिने चार-पाच किलोच्या वर काही नाही, काही हॉस्पिटलं दोन-तीन किलोच सांगतात. आता हिशोब करा, भरलेली कळशी त्याच्या कितीतरी वर जाते. म्हणजे कळशी नाही, हंडा नाही, गॅसचा सिलिंडर सरकवायचा पण नाही, नातवाला उचलून घ्यायचं नाही (त्याला आपल्या मांडीवर दुसऱ्याने आणून बसवायचं, तेवढं चालतं). रहाट ओढणं तर अजिबात नाही कारण त्यात दोन्ही हात खाली खेचतात आणि सगळा ताण छातीच्या हाडावर येतो. लाकडं फोडणं, नारळ सोलणं, जातं फिरवणं, विळीवर बसून नारळ खवणणं, कपडे आपटून धुणं हे सगळं तीन महिन्यांनंतर.

मी विसाव्या दिवशी शहाणपणा केला. घरात कुणी नव्हतं, न्हाणीतली भरलेली बादली एका हाताने सरकवली आणि छातीत कट् असं काहीतरी झालं. काही बिघडलं नव्हतं नशिबाने, पण एक्सरे काढून डॉक्टर बरं म्हणेपर्यंत दोन रात्री मी झोपले नाही. त्या दिवसापासून सासूबाई दारातच बसायच्या, "कळशी मी हाडतंय (आणते), तू बस गो" म्हणून. छातीत हाडावर हाड घासल्यासारखं होत असेल, खोकताना मधे हलतंय असं वाटत असेल किंवा टाक्यांतून पाणी येत असेल तर वाट न बघता दाखवा.

उठायची पद्धत शिकून घ्या. सरळ उताणं असताना हातावर जोर देऊन उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे, मग कोपराच्या आधाराने वर यायचं. जमिनीवर अंथरूण घालून झोपायची सवय असली तरी तीन महिने खाट. देशी संडास असेल तर उठताना हाताने रेटा द्यावा लागतो, म्हणून प्लॅस्टिकची संडासची खुर्ची मिळते ती मध्ये ठेवा. खोकला, शिंक आली की उशी दोन्ही हातांनी छातीला घट्ट धरायची. माझी उशी तीन महिने माझ्यासोबत पडवीतून माजघरात फिरत होती.

अंघोळ, जखम, तेल?

टाके सुकल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की कोमट पाण्याने, साध्या साबणाने, न चोळता. आणि टॉवेलने टिपून घ्यायचं. जखमेवर हळद, खोबरेल, झाडपाला काही नाही, कितीही प्रेमाने कुणी आणून दिलं तरी. डायबेटिस असेल तर शुगर सांभाळा, जखम त्यावरच अवलंबून असते. बायकांनी पुढून हुक असलेली मऊ ब्रा घालावी, जखमेवर ओढ येत नाही आणि खूप फरक पडतो, हे मला हॉस्पिटलात कुणी सांगितलं नव्हतं.

झोप लागत नाही, जेवण जात नाही, उगाच रडू येतं. हे काय आहे?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात, म्हणून मी तो वरती घेतलाय. हे होतं. खूप जणांना होतं. बायपासच्या मशीनवर (ऑपरेशन चालू असताना हार्ट-फुप्फुसाचं काम करणाऱ्या) शरीर तासन्‌तास असतं, भुलीची औषधं, आयसीयूतले दिवे, झोपेचं गणित सगळं बिघडतं. तोंडाची चव जाते, माशाचा वास नको होतो (कोकणातल्या माणसाला मासे नको झाले की घरचे हादरतात), नावं आठवत नाहीत, पेपर वाचताना एकच ओळ परत परत वाचली जाते. बऱ्याच जणांचं हे काही आठवड्यांत आपोआप कमी होतं.

मला तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी तिन्हीसांजेला दिवा लावला की रडू यायचं. कारण काही नाही. जीव वाचला, पोरं समोर आहेत, नवरा सगळं करतोय, आणि तरी. नवऱ्याला सांगायला लाज वाटायची, कारण इतके पैसे इतकी धावपळ करून मला बरं केलं आणि मी रडतेय. शेवटी सांगितलं आणि तो म्हणाला मला पण रात्री झोप लागत नाही, तुझा श्वास चालू आहे ना ते बघत असतो. म्हणजे पेशंटच्या घरच्यांना पण विचारा हो कसे आहात म्हणून.

दुपारी एक तासापेक्षा जास्त झोपू नका, दिवसा उजेडात पडवीत बसा, भेटायला येणाऱ्यांना अर्धा तास पुरे म्हणून सरळ सांगा. आणि दोन-तीन आठवडे होऊनही मन वर येत नसेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर औषध आहे. फक्त ते औषध रक्ताच्या गोळीसोबत (रक्त पातळ ठेवायच्या गोळीसोबत) चालणारं लागतं, म्हणून हार्टच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच.

चालायचं किती? आमच्याकडे तर सगळा चढच आहे.

पहिला आठवडा अंगणात, खळ्यात, सपाटीवर, पाच-दहा मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा. मग दर दोन-तीन दिवसांनी दोन-चार मिनिटं वाढवायची, साधारण सहा आठवड्यांत सलग अर्धा तास जमायला हवं. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. घाटी आणि पाखाडी (पायऱ्यांची चढाची वाट) सुरुवातीला दुसरं माणूस सोबत घेऊनच, चार पायऱ्या आणि एक श्वास, असं. जाताना उतार असेल तर येताना चढ आहे हे आधी लक्षात घ्या, मी समुद्रापर्यंत उतरून गेले आणि वर यायला रिक्षा बोलवावी लागली.

तीन बॉलवालं जे यंत्र देतात ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून बॉल वर धरायचे असतात. जागे असाल तेव्हा दर तासाला दहा वेळा. त्याने फुप्फुसाचा खालचा भाग उघडतो, कफ साठत नाही. कंटाळवाणं आहे पण न्यूमोनियापेक्षा बरं.

मेकॅनिकल आणि टिश्यू व्हॉल्व्हमध्ये फरक काय पडतो घरी आल्यावर?

रोजच्या जगण्यात खूप पडतो, म्हणून आपल्याला कुठला बसवलाय ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. टिश्यू म्हणजे गायीच्या किंवा डुकराच्या टिश्यूपासून बनवलेला, त्याला रक्त पातळ ठेवायची गोळी बहुतेकांना पहिले काही महिनेच लागते, पण तो साधारण दहा-पंधरा वर्षांत खराब होऊ शकतो, तरुण पेशंटमध्ये अजून लवकर. मेकॅनिकल टिकतो, पण गोळी आयुष्यभर, एक दिवस न चुकवता. माझा मेकॅनिकल आहे. आपल्या देशातच बनणारा चित्रा व्हॉल्व्ह पण मेकॅनिकलच, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने तयार केलेला, १९९० पासून पेशंटना बसवतात. तो स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाचा असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

आयएनआर म्हणजे नक्की काय?

रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. गोळी न घेणाऱ्या माणसाचा १ च्या आसपास असतो. मेकॅनिकल व्हॉल्व्ह मायट्रलला असेल तर साधारण २.५ ते ३.५ आणि एऑर्टिकला (हार्टमधून शरीराकडे रक्त जातं तिथली झडप) असेल तर २ ते ३ मध्ये ठेवतात, तुमचा आकडा तुमच्या कार्डावर लिहिलेला असेल तोच खरा. आकडा खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी धरायची भीती, वर गेला तर रक्तस्राव. दोन्हीकडे खड्डा आणि मधून बांध, त्या बांधावरून रोज चालायचं.

लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारी प्रोटीन्स बनवतं आणि आपली गोळी (कुणाला एसिट्रॉम, कुणाला वॉर्फ म्हणजे वॉर्फरिन) नेमकं ते काम अडवते. आधी बनलेली प्रोटीन्स संपायला वेळ लागतो, त्यामुळे आज डोस बदलला की आकडा दोन-तीन दिवसांनी हलतो. म्हणून उद्याच टेस्ट करून "काही फरकच नाही" म्हणत स्वतःच गोळी वाढवू नका. दुसरं, एसिट्रॉम आणि वॉर्फ ही वेगळी औषधं आहेत, एकीच्या मिलिग्रॅमवरून दुसरीचा डोस काढायचा नाही. मेडिकलवाल्याकडे आपली नसेल तर "ह्याच्याऐवजी हे घ्या" चालणार नाही, दुसऱ्या दुकानात जायचं. आणि डाबिगॅट्रान, अपिक्साबॅन वगैरे नवीन गोळ्या, ज्यांना टेस्ट लागत नाही, त्या मेकॅनिकल व्हॉल्व्हला चालत नाहीत. शेजारच्याला दिल्यात म्हणून मागू नका, त्याचा आजार वेगळा असतो.

सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा टेस्ट, मग पंधरा दिवसांनी, आकडा स्थिर झाला की महिन्यातून एकदा. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. एक वही करा, तारीख, आकडा, डोस, आणि त्या आठवड्यात वेगळं काय झालं, म्हणजे ताप, अँटिबायोटिक, उपास, लग्नाची जेवणं. माझी चौथी वही चालू आहे, डॉक्टर आधी ती बघतात आणि मग माझ्याकडे. रिपोर्ट घेऊन दर वेळी मुंबईला जायची गरज नाही, इथल्या एका फिजिशियनला धरून ठेवा आणि सर्जनच्या ओपीडीला फोनवर आकडा कळवायची सोय आहे का ते डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्या.

गोळी घ्यायची विसरले तर?

त्याच दिवशी रात्री झोपायच्या आत आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर गेली ती गेली, त्या दिवसाची नेहमीचीच घ्यायची, डबल कधीच नाही. वहीत लिहा आणि सलग दोन चुकल्या तर डॉक्टरांना फोन. आमच्याकडे संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की सासरे विचारतात "गोळी घेतलंस काय?" आणि मी "घेतलंय" म्हणते, सहा वर्षं हेच. पावसात रस्ता बंद होतो, दरड पडते, म्हणून जूनच्या आधी निदान महिन्याभराच्या गोळ्या जास्तीच्या घरात ठेवा.

खायचं काय? पालेभाजी बंद म्हणतात, खरं का?

बंद नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आणि त्यापायी लोक वर्षानुवर्षं भाजी सोडून डाळभात खातात. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं, ते गोळीच्या उलट काम करतं, पण डॉक्टर तुमचा डोस तुमच्या जेवणावरच बसवतात. त्यामुळे आठवड्यातून दोनदा माठ, मेथी, पालक खात असाल तर दोनदाच खात राहा, साधारण तेवढीच. त्रास होतो तो एकदम बदलल्याने. आणि आपल्याकडे तो बदल पावसाळ्यात होतो, पहिल्या पावसानंतर टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला, अळू, रोज काही ना काही ताटात. मनापासून आवडतं सगळं, पण रोज नको, वाटीभर आणि ठरलेल्या दिवशी, आणि जून-जुलैत एखादी टेस्ट जास्तीची.

मासे खुशाल खा, बांगडा, पेडवे, सुरमई, कालवणाला तेल-मीठ बेतात. आपलं दुखणं सुक्या मासळीत आहे. खारवलेला बांगडा, सुकट, सुके बोंबील यात मीठ इतकं असतं की शरीरात पाणी साठतं, पायावर सूज येते आणि दम लागतो. लोणचं, पापड, सांडगी मिरची तसंच. दिवसभरात मिळून चहाचा एक छोटा चमचा मीठ, त्याच्यापेक्षा कमी असेल तर उत्तम. सोलकढी चालते, मीठ न घालता प्यायची सवय लावा, आठवड्यात जीभ ऐकते. शहाळ्याचं पाणी विचारूनच, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि लघवीच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी ते आधीच वाढलेलं असतं.

आंबा. देवगडात राहून आंबा खाऊ नका असं मी सांगणार नाही, पण वॉर्फरिनवर असताना रोज भरपूर आंबे खाणाऱ्या काही पेशंटचा आयएनआर वाढला आणि आंबा थांबवल्यावर खाली आला, अशी नोंद डॉक्टरांनी केलेली आहे. मी सीझनमध्ये जेवणानंतर अर्धा खाते आणि एप्रिल-मे दोन्ही महिन्यांत टेस्ट चुकवत नाही. शुगर असेल तर हिशोब अजून कडक.

दारू नको. आकडा वरखाली होतो आणि पडायची भीती वेगळीच.

अंगदुखीची गोळी, लेप्टोची गोळी, गावठी औषध?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ही नेहमीची दुखण्यावरची औषधं रक्ताच्या गोळीसोबत घेतली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, ते पण मापात. अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, टीबीचं औषध, यातल्या बऱ्याच औषधांनी आकडा हलतो, म्हणून कुठलंही नवीन औषध सुरू झालं की तीन-चार दिवसांनी आयएनआर करायचा.

भातलावणीच्या दिवसांत आरोग्यसेविका लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन देतात. ती फेकून देऊ नका आणि न विचारता घेऊही नका, "माझा व्हॉल्व्ह बदललाय, एसिट्रॉम चालू आहे" असं त्यांना सांगा आणि आपल्या डॉक्टरांना फोन करा, कारण त्या गोळीनेही आकडा वाढू शकतो. सगळ्यात बरं म्हणजे पायाला जखम असताना चिखलात उतरायचंच नाही, आणि उतरावंच लागलं तर गमबूट.

काढे, मुळ्या, चूर्णं यात काय आहे तेच आपल्याला माहीत नसतं. मी कुणाच्या श्रद्धेबद्दल बोलत नाहीये, फक्त आयएनआर ६ झालेली एक बाई आमच्याच ओळखीत आहे, कंबरदुखीचा काढा घेत होती. साध्या तापाला कमरेत इंजेक्शन देतात तिथेही आधी सांगा की रक्त पातळ आहे, स्नायूत रक्त साकळू शकतं.

कधी घाबरायचं? कधी धावायचं?

तोंड वाकडं होणं, हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, ही गुठळीची किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाची लक्षणं. १०८ ला फोन, आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथे सरळ जा, मधे दोन ठिकाणी थांबण्यात जो वेळ जातो तोच महाग पडतो. आपल्या घरापासून सीटी स्कॅन कुठे आहे हे आजच शोधून भिंतीवर लिहून ठेवा.

मेकॅनिकल व्हॉल्व्हचा टिकटिक आवाज अचानक बारीक झाला किंवा बंद झाला आणि दम लागायला लागला, उताणं झोपवेना, तर व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. त्यात सकाळची वाट बघायची नाही.

डोक्याला मार लागला, बाहेर जखम नसली तरी दवाखाना. शेवाळलेल्या जांभ्यावरून पावसाळ्यात पाय घसरतोच, म्हणून पायऱ्या घासून घ्या, रात्री बॅटरी, आणि पायात पकड असलेली चप्पल. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त, न लागता अंगावर काळेनिळे डाग, त्याच दिवशी आयएनआर.

आणि ताप. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. १०० च्या वर ताप, थंडी वाजून, तर व्हॉल्व्हला इन्फेक्शन झालंय का हे आधी बघावं लागतं. त्यासाठी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची टेस्ट) करतात आणि ते अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं लागतं, नाहीतर जंतू लपतो आणि खरं कारण कळत नाही. आपल्याकडे ताप आला की लेप्टो, डेंग्यू, मलेरिया ह्यांचाच विचार होतो, ते बरोबरच आहे, पण बदललेल्या व्हॉल्व्हच्या माणसाने दारातच सांगायचं की माझं हे ऑपरेशन झालंय. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिकची पट्टी आणून खाऊ नका. कृपा करून नका.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन करा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, फोन करा.

दात काढायचाय, चालेल?

चालेल, पण काढायच्या अर्धा-एक तास आधी अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागतो, आयुष्यभर, प्रत्येक वेळी. डेंटिस्टला व्हॉल्व्हबद्दल सांगा, आणि रक्ताची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका. दोनदा ब्रश, मिश्री बंद.

प्रवास आणि गाडी?

फोरव्हीलर चालवणं सहा आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणाले की. टूव्हीलर दोन-तीन महिने नाही, किक तर नाहीच. सीटबेल्ट लावायचाच, छातीवर छोटा टॉवेल घडी करून मध्ये ठेवा. फॉलोअपला मुंबईला जाताना हायवेच्या खड्ड्यांपेक्षा कोकण रेल्वे कितीतरी बरी, लोअर बर्थ, दर तासाला उठून डब्यात दोन फेऱ्या, बॅग दुसऱ्याने उचलायची. सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात, घाटात उलटी होत असेल तर उलटीची गोळी आधी विचारून घेऊन ठेवा, उलटीत रक्ताची गोळी पडून गेली तर कळत नाही. हार्टच्या ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वे तिकिटात सवलत असते, हॉस्पिटलकडून ठरलेला फॉर्म भरून घ्यावा लागतो.

कामावर कधी जाता येईल?

शाळा, बँक, दुकान असं बसून काम असेल तर सहा ते आठ आठवडे, सुरुवातीला अर्धा दिवस. अंगमेहनत असेल तर तीन महिन्यांच्या आत नाहीच. बागेत हिंडून गड्यांकडून काम करून घेणं वेगळं आणि आंब्याचे क्रेट उचलणं वेगळं. रक्त पातळ असताना कलमावर चढू नये, तीन महिन्यांनी काय सहा वर्षांनीही नको, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) खालून जेवढे आंबे काढता येतील तेवढे.

मासेमारी करणाऱ्यांना मी असं सांगते की रापण ओढायला, जाळी खेचायला डॉक्टरांचं स्पष्ट हो लागतं. ट्रॉलरवर चार-पाच दिवस जायचं असेल तर आयएनआर करून निघा, गोळ्या पाणी न लागेल अशा डबीत जास्तीच्या घ्या, तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) आणि अजून एकाला सांगून ठेवा. माशाचा काटा लागला, सुरी लागली तर स्वच्छ कपड्याने दहा मिनिटं न उचलता दाबून धरायचं, मधे मधे उघडून बघायचं नाही.

नवरा-बायकोचे संबंध? पाळी? बाळ?

दोन जिने न दमता चढता आले की संबंध ठेवायला हरकत नसते, साधारण सहा आठवडे, फक्त हातावर आणि छातीवर भार येणार नाही असं. पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, हिमोग्लोबिन तपासत राहा.

मूल हवं असेल तर आधी डॉक्टर आणि मग बाकी सगळं. रक्ताची गोळी बाळाला त्रासदायक ठरू शकते आणि परस्पर बंद केली तर आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरते. प्लॅन करून, कधी डोस बदलून, कधी इंजेक्शनवर ठेवून, मोठ्या हॉस्पिटलच्या देखरेखीखाली हे करतात. पाळी चुकली तर एक दिवसही न थांबता सांगा. सासरच्यांना ही गोष्ट लग्नाच्या आधी माहीत असावी असं माझं स्पष्ट मत आहे, मुलीचा जीव आहे तो.

टिकटिक आवाज येतो, सगळ्यांना ऐकू जातो का?

शांत खोलीत जवळच्याला जातो. पहिले दोन महिने मला रात्री तेवढंच ऐकू यायचं, मग समुद्राची गाज जशी ऐकू येऊन येत नाही तसं झालं. माझा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता, तो कान लावून मोजत मोजत झोपायचा.

एमआरआय, स्टेशनवरचा मेटल डिटेक्टर?

डिटेक्टरने काही होत नाही. आताच्या व्हॉल्व्हना बहुतेक वेळा एमआरआय चालतो, व्हॉल्व्हचं कार्ड दाखवायचं. ते कार्ड पाकिटात, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये.

पैशांचं?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्हचं ऑपरेशन बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलात. तिथे आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, ऑपरेशननंतरच्या फॉलोअपचं काय मिळतं ते पण त्यालाच विचारा, लोक विचारत नाहीत आणि खिशातून भरतात. आमच्या वेळी एका ठिकाणी खिडकीवर आम्हाला अर्धवट माहिती देऊन परत पाठवलं होतं, नवऱ्याने दुसऱ्या दिवशी परत जाऊन रेशनकार्ड पुढे ठेवलं तेव्हा काम झालं. एकदा नाही म्हटलं म्हणून गप्प बसू नका.

गणपतीत काय करायचं? शिमग्याला पालखी?

पहिल्या वर्षी मूर्ती आणायला-विसर्जनाला चालत जा, हात लावू नका. चाकरमानी येतात, घर भरतं, सर्दी-खोकला घेऊनही येतात, त्यांच्यापासून लांब बसा. मोदक खा. भजनाला बसा, गाण्याने श्वास छान मोकळा होतो. फुगडी आणि पालखी नाचवणं तीन महिन्यांनंतर डॉक्टरांना विचारून. श्रावणात उपास जास्त होतात, जेवण बदललं की आकडा बदलतो, म्हणून उपासाचे दिवस वहीत लिहा. गोळी उपासाला मोडत नाही, ती घ्यायचीच.

माझ्या मुलांना पण हे होईल का?

रुमॅटिक असेल तर तो थेट वारशाने येत नाही, तो घशाच्या एका इन्फेक्शनमधून येतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतोय, ताप आहे, गिळता येत नाही, तर मीठपाण्याच्या गुळण्यांवर सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि दिलेलं अँटिबायोटिक पूर्ण करा. नंतर सांधे सुजले, एकाचा उतरला की दुसरा सुजला, तर हार्टची इको (हार्टची सोनोग्राफी) करून घ्या. माझ्या आईने तेव्हा गुडघ्यांना लेप लावला होता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि तुम्हाला स्वतःला रुमॅटिक होतं म्हणून व्हॉल्व्ह बदलला असेल, तर पेनिसिलिनचं दर तीन-चार आठवड्यांचं इंजेक्शन ऑपरेशन झालं म्हणून आपोआप थांबत नाही. बाकीचे व्हॉल्व्ह अजून आपलेच असतात. ते किती वर्षं घ्यायचं हे डॉक्टर ठरवतात. माझी पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली आहे, आयएनआरची निळ्या.